पायरीवरून

२४ फेब्रुवारी २०२४. माघी पौर्णिमा. थायलंडमध्ये हा दिवस 'माखा बुचा' म्हणून पाळतात. माखा म्हणजे आपलाच माघ, आणि बुचा म्हणजे पूजा. साडेबाराशे भिक्खू कुणी न बोलावता बुद्धाजवळ जमले, त्याची ही आठवण. सरकारी सुट्टी असते, दुकानांतली दारूविक्री बंद असते, संध्याकाळी लोक मेणबत्त्या घेऊन विहाराला प्रदक्षिणा घालतात. फुकेत बेटाच्या ईशान्य अंगाला, थलांग तालुक्यातल्या पा ख्लोक गावाच्या हद्दीत, यामू नावाचं भूशिर आहे. तिथून फांग ङा उपसागर दिसतो आणि पौर्णिमेचा चंद्र त्याच बाजूनं वर येतो. त्या रात्री दोन थाई मैत्रिणी किनाऱ्यावर गेल्या आणि एका आलिशान बंगल्यातून वाळूत उतरणाऱ्या पायऱ्यांवर टेकल्या. त्यातली एक डॉक्टर होती. मागून पाठीत लाथ बसली, अशी तिची तक्रार. बंगल्यात भाड्यानं राहणाऱ्या स्विस गृहस्थाचं म्हणणं, लाथ कसली, पायऱ्या उतरताना पाय घसरला.

पुढच्या आठवड्यात सगळा देश त्या चार पायऱ्यांविषयी बोलत होता.

थाई माणसाला हे एवढं का लागलं, ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. गर्दीत कुणाला चुकून पाय लागला तर आपला हात आपसूक त्याच्या अंगाला लागून स्वतःच्या कपाळाकडे जातो. तिकडेही पाय हा देहाचा सगळ्यात हीन भाग आणि डोकं सगळ्यात पवित्र. मूर्तीकडे पाय करून बसायचं नाही, पायानं वस्तू सरकवायची नाही. बुक्की मारली असती तर ते भांडण झालं असतं. लाथ म्हणजे पायरी दाखवणं.

आणि पायरीच कुणाची, हा प्रश्न निघाला. शेकडो गावकरी यामूच्या वाळूत जमले, किनारा आमचा आहे म्हणून फलक धरून उभे राहिले. जमीन खात्याची माणसं मोजणीला आली. पायऱ्या सार्वजनिक जागेत आल्या होत्या. काही दिवसांतच त्या फोडून काढण्यात आल्या. त्या गृहस्थानं बायकोसह कॅमेऱ्यासमोर हात जोडून माफी मागितली, तरी इमिग्रेशननं त्याचा राहण्याचा परवाना रद्द केला. पुढे त्याच वर्षी फुकेतच्या न्यायालयानं मारहाणीच्या आरोपातून त्याला मोकळं केलं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं आपण म्हणतो. याला कोर्टाची पायरी लाभली, समुद्राची नाही.

मला या प्रकरणात त्या माणसापेक्षा त्या पायऱ्यांचं जास्त कुतूहल वाटतं. त्या त्यानं बांधलेल्या नव्हत्या, त्यांच्यावर त्याची मालकी नव्हती आणि बंगलाही भाड्याचा. तरी आपल्या पायऱ्यांवर परकं कुणी बसलंय, असं त्याला आतून वाटलं. हे वाटणं कुठून येतं?

थायलंडचा जमीन कायदा १९५४चा. परदेशी माणसाला जमिनीची मालकी मिळत नाही, हा त्यातला मुख्य दंडक. आपल्या भाषेत, सातबाऱ्यावर नाव लागत नाही. (तिकडच्या मालकीपत्राला 'चनोत' म्हणतात, आणि चनोत हातात असणं ही खेड्यातल्या माणसाची सगळ्यात मोठी पत.) मग लाखो परदेशी तिथे राहतात कसे? फ्लॅट घेता येतो, कारण १९७९च्या कायद्यानं इमारतीला वेगळी वाट काढून दिली. पण एका इमारतीतलं एकूण ४९ टक्क्यांपर्यंतच क्षेत्र परदेशी नावांवर चढतं. बंगला हवा असेल तर जमीन भाडेपट्ट्यानं, जास्तीत जास्त ३० वर्षं. त्यानंतर आणखी ३०, त्यानंतर पुन्हा ३०, अशी गोड बोली बिल्डर लावतात, पण कायद्यानं हक्काची असतात ती पहिली ३०च. तिसरी वाट कंपनीची: ५१ टक्के भाग थाई नावांवर, ४९ आपले. ही ५१ टक्केवाली मंडळी बऱ्याचदा वकिलाच्या कचेरीतला कारकून, ड्रायव्हर, मोलकरणीचा भाऊ, अशी निघते. इंग्रजीतून आलेला 'नॉमिनी' हा शब्द थाई वर्तमानपत्रांत रोज दिसतो. आपल्याकडे त्याला जुना आणि अधिक चपखल शब्द आहे: बेनामी. १९९९च्या परदेशी व्यवसाय कायद्यानुसार अशा बेनामीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही फुकेत, समुई, फांगान या बेटांवर धाडी पडतात, कंपन्या बंद होतात आणि नव्या निघतात.

समुद्रकिनारा तर कुणाचाच नाही. दिवाणी संहितेच्या १३०४व्या कलमात भरती-ओहोटीची पट्टी सार्वजनिक मालमत्ता ठरवली आहे. पण किनाऱ्यालगतचा बंगला विकताना किंवा भाड्यानं देताना 'खासगी किनारा' हे शब्द जाहिरातीत असतातच. ज्यानं महिन्याला डोळे पांढरे करणारं भाडं मोजलं, तो ते शब्द खरे मानतो. शेजारचा गावकरी मात्र लहानपणापासून त्याच वाळूत कालवं वेचायला येत असतो. भांडण पुढे कोंबड्यावरून होवो, कुत्र्यावरून होवो किंवा पाण्याच्या पंपावरून, त्याच्या बुडाशी ही गोष्ट असते. एकानं पैसे मोजलेत म्हणून तो मालकासारखा वागतो, आणि हा मालक नाही हे दुसऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

सरकारलाही हा विषय पोळतो. ऑक्टोबर २०२२मध्ये मंत्रिमंडळानं एक प्रस्ताव तत्त्वतः मान्य केला: जो परदेशी ४ कोटी बाट गुंतवेल, त्याला राहण्यापुरती एक राई जमीन घेता येईल. एक राई म्हणजे १६०० चौरस मीटर, आपले जेमतेम १६ गुंठे. तशी तरतूद १९९९पासून कायद्यात होतीच, आता फक्त अटी सैल करायच्या होत्या. पण 'खाय चात', म्हणजे देश विकणं, ही शिवी सोशल मीडियावर घुमली आणि नोव्हेंबर उजाडून आठवडा होतो न होतो तोच सरकारनं प्रस्ताव मागे घेतला. २०२४मध्ये ९९ वर्षांचा भाडेपट्टा आणि फ्लॅटसाठी ७५ टक्क्यांची मर्यादा हा विचार पुढे आला, तेव्हाही तोच ओरडा झाला. १६ गुंठ्यांसाठी एवढा गदारोळ बघून हसू येत असेल, तर बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणाऱ्या आपल्या भावकीकडे एकदा बघावं.

फुकेतचे बंगले वर्तमानपत्रात येतात. ईसानमधली घरं येत नाहीत, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे.

ईसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग. शब्दही आपल्याच 'ईशान'चा. २० प्रांत, लाओ वळणाची बोली, चिकट भात, कोरडवाहू शेती, गावातली तरुण मुलं बँकॉकला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात उदोन थानी इथे अमेरिकेचा मोठा हवाई तळ होता. तेव्हापासून फिरंगी नवरा ही तिथल्या गावांना अनोळखी गोष्ट राहिलेली नाही. पतचरिन लापानून या संशोधिकेचं २०१९मध्ये आलेलं पुस्तक उदोन थानीतल्याच एका गावाविषयी आहे. परदेशी नवरे केलेल्या बायकांचा गावात एक वेगळा थर कसा तयार होतो, पैशाची, प्रेमाची आणि आईबापांच्या ऋणाची गुंतागुंत कशी असते, हे त्यात वाचायला मिळतं.

ईसानची जुनी रीत अशी की लग्नानंतर नवरा बायकोच्या माहेरी राहायला जातो. म्हणजे तिथला प्रत्येक फिरंगी कायद्यानं काहीही असो, रीतीनं घरजावई. त्यांचा शब्दही तोच आहे: 'खोय फरांग', फिरंगी जावई. आपल्याकडे जावई दशमग्रह. तिकडे तो शेतात राबणारा, सासऱ्याच्या शब्दात राहणारा, घरातला सगळ्यात नवा माणूस. जर्मनीतून किंवा इंग्लंडमधून पेन्शन घेऊन आलेला साठीचा माणूस या भूमिकेत बसणार कसा? जमीन बायकोच्या नावावर. १९९९पर्यंत तर परदेशी माणसाशी लग्न केलेल्या थाई बाईचा जमीन घेण्याचा हक्कच जात असे. आता तो राहतो, पण जमीन कचेरीत नवऱ्यानं लिहून द्यावं लागतं की हा पैसा बायकोचा स्वतःचा आहे, माझा यात काही संबंध नाही. सही करताना पैसा कुणाचा हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असतं.

घर उभं राहतं. आजूबाजूची घरं बिनकुंपणाची, याचं मात्र पुरुषभर उंच भिंतीचं आणि लोखंडी फाटकाचं. त्या भिंतीनंच अर्धं भांडण होऊन गेलेलं असतं. मग सकाळ होते. सहाच्या सुमारास 'फू याय बान', म्हणजे गावचा मुखिया, खांबावरच्या कर्ण्यातून बोलायला लागतो: खत कधी येणार, लसीकरण कुठे आहे, काल कोण गेलं. कुणी गेलं असेल तर दोनचार दिवस मंत्रपठण आणि रात्री जागरण, कर्णे चालू. लग्न, भिक्खूदीक्षा, नव्या घराचा प्रवेश, सगळ्याला 'मो लाम'चं गाणं आणि माणसापेक्षा उंच स्पीकर. कोंबडे, गावभर फिरणारी कुत्री, उसाचा पाला आणि भाताचं पाचट जाळल्याचा धूर. शांत गाव म्हणून आलेल्या माणसाला कुणी सांगितलेलंच नसतं की तिथे शांतता म्हणजे दुःखाचं घर. गजबज असेल तर बरं चाललंय.

तो तक्रार कशी करतो यावर पुढचं सगळं ठरतं. गावातली भांडणं मिटवायची जागा म्हणजे मुखियाची पडवी. १९१४च्या कायद्यापासून चालत आलेलं हे पद आपल्या पोलीस पाटलासारखं, फक्त गावानं निवडून दिलेलं. मुखिया दोन्ही बाजूंना वेगवेगळं भेटतो, चहापाणी होतं, कुणाचं चुकलं हे कुणीच मोठ्यानं म्हणत नाही, आणि कुत्रं चार दिवसांनी दुसरीकडे बांधलं जातं. फिरंगी माणूस ही पडवी ओलांडून थेट पोलिसांत जातो, वकिलाची नोटीस धाडतो किंवा मोबाइल काढून शेजाऱ्याचं चित्रीकरण करतो. कागदावर त्याचं चुकत नाही. १९९२च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात आवाज, धूर, जनावरांचा उपद्रव याविरुद्ध स्थानिक संस्थेकडे तक्रार करण्याची सोय आहे. पण चारचौघांत आवाज चढवल्याबरोबर शेजाऱ्याचं 'ना' जातं. ना म्हणजे चेहरा. आपण म्हणतो नाक कापलं. आणि आवाज चढवणारा 'चाय रोन' ठरतो, गरम काळजाचा. आपला राग डोक्यात जातो, त्यांचा काळजात. बाकी हिशेब तोच.

उलट बाजूनं शेजारीही काही कमी गोंधळ घालत नाही. 'क्रेंग चाय' हा शब्द थायलंडवरच्या प्रत्येक पुस्तकात समजावून सांगितलेला असतो आणि इंग्रजी लेखकांना त्यासाठी अर्धं पान लागतं. मराठीत एक शब्द पुरतो: भीड. दुसऱ्याला अवघडवू नये म्हणून गप्प राहणं, नको असताना हो म्हणणं. मात्र भीड ही भिकेची बहीण, हेही आपण सांगून ठेवलंय. फिरंगी शेजाऱ्याच्या पार्टीचा आवाज, भिंतीवरून वाहून आलेलं तरणतलावाचं पाणी, दारातली आडवी गाडी हे सगळं थाई शेजारी महिनोन्‌महिने हसून सोसतो. त्या हसण्याचा अर्थ फिरंगी 'याची हरकत नाही' असा लावतो. मग एका रात्री दगड येतो. फिरंगी म्हणतो, काल तर हा हात जोडून नमस्कार करत होता!

समाजमाध्यमांवर जाऊन मन मोकळं करण्याचीही सोय नाही. थायलंडमध्ये बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे, आणि त्यावर संगणक गुन्ह्यांचा कायदा. २०२०मध्ये एका अमेरिकन माणसानं को चांग बेटावरच्या एका हॉटेलाविषयी इंटरनेटवर वाईट अभिप्राय लिहिले, तर त्याला अटक झाली. शेवटी माफीनाम्यावर मिटलं. तो थायलंडमध्येच नोकरी करत होता. हॉटेलाचं जे झालं ते शेजाऱ्याचंही होऊ शकतं, हे तिथले जुने परदेशी नव्यांना सांगतात.

पण आवाजावरून भांडण म्हणजे देशी विरुद्ध परदेशी, असं समीकरण मांडायची घाई करू नये. ऑक्टोबर २०१८मध्ये बँकॉकच्या बांग खो लेम भागातल्या वात साय या विहारातल्या पहाटेच्या घंटेविरुद्ध शेजारच्या उंच इमारतीतून तक्रार गेली. प्रभाग कचेरीनं विहाराला आवाज कमी करण्याचं पत्र पाठवलं. लोक इतके खवळले की कचेरीला माघार घ्यावी लागली. विहार आधी की इमारत, एवढाच प्रश्न लोक विचारत होते. काल आलेला माणूस, मग तो झुरिकचा असो की बँकॉकमधल्याच दुसऱ्या गल्लीतला, आधीपासून असलेल्याला गप्प बस म्हणतो, हे खुपतं. मुंबईत गिरणगावातल्या टॉवरखाली गणपतीच्या दिवसांत थोडा वेळ उभं राहावं, म्हणजे हे सगळं मराठीत ऐकायला मिळतं.

२०२५च्या सुरुवातीला वादाचं गाव होतं पाय. चियांग मायहून तिथे जाताना घाटात ७६२ वळणं लागतात आणि हा आकडा छापलेले टी-शर्ट गावात मिळतात. डोंगरातलं छोटं गाव, इस्रायली तरुणांचं आवडतं; बरेचजण सक्तीची लष्करी सेवा संपवून आलेले. इथल्या रुग्णालयात जखमी मित्राबरोबर आलेल्या काही इस्रायली तरुणांनी अपघात विभागात घुसून गोंधळ घातला. त्यांना देशाबाहेर काढलं, तरी आग विझली नाही. ज्यू प्रवाशांसाठीच्या तिथल्या छबाद केंद्रावर बोटं रोखली गेली, हजारो इस्रायली गावात कायमचे येऊन बसलेत अशी अफवा देशभर पसरली, आणि पोलिसांना ती खोडून काढावी लागली. रागाला कारण होतं, अफवेला नव्हतं. चारजणांच्या उद्धटपणाची शिक्षा पासपोर्टाच्या रंगाला मिळते तेव्हा जो माणूस वर्षानुवर्षं गुण्यागोविंदानं राहिलाय, त्याच्याकडेही वाणी संशयानं बघायला लागतो.

शिवाय तो कितीही वर्षं राहिला तरी त्याचा कागद पाहुण्याचाच. पन्नाशीनंतर मिळणाऱ्या निवृत्तीच्या परवान्यासाठी बँकेत आठ लाख बाट ठेवायचे, दर वर्षी नूतनीकरण, दर ९० दिवसांनी मी अजून याच पत्त्यावर राहतो हे कळवायचं. परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की घरमालकानं २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचं. बायको घरमालकीण असेल तर नवरा घरी आल्याची वर्दी तिनं द्यायची! कायमच्या रहिवासाचे दाखले एका देशाच्या वर्षाला फार तर १०० माणसांना. वीस वर्षं एका गल्लीत काढलेल्या माणसाचा 'आपण इथले' हा समज दर तीन महिन्यांनी मोडला जातो. आपल्या जागेविषयी तो एवढा हळवा का होतो, त्याचं एक कारण इथे सापडतं.

'फरांग' हा शब्द म्हणजे आपला फिरंगीच. फ्रँक लोकांवरून अरबी-फारसीत गेलेला, तिथून एक फाटा आपल्याकडे आला, एक स्यामला. आपण त्यातून तलवारीला 'फिरंग' केलं, कारण पातं युरोपातलं होतं. थाई लोकांनी फळाला नाव दिलं: पेरूला ते फरांगच म्हणतात, आणि बटाट्याला 'मान फरांग', फिरंगी कंद. पेरूची एक हलकी रानटी जात आहे, 'फरांग खी नोक', पक्ष्याच्या विष्ठेचा पेरू. दारू पिऊन उधार मागत फिरणाऱ्या गोऱ्याला याच नावानं हिणवतात. गोऱ्यांनी हुरळून जावं असं त्या शब्दात काही नाही.

आणि आपण? आपण फरांग नाही. भारतीयांना, मलायांना, अरबांना थाई भाषेत शब्द आहे 'खेक'. त्याचा मूळ अर्थ पाहुणा. वाटतो तितका तो गोड नाही. साप आणि खेक एकदम दिसले तर आधी खेकाला बडव, अशी एक म्हण त्या भाषेत आहे. नोव्हेंबर २०२३पासून भारतीयांना व्हिसाशिवाय जाता येऊ लागलं, फुकेतला आणि हुआ हिनला आपल्याकडची लग्नं लागायला लागली, वरातीसकट. डीजे किती वाजता बंद करायचा हा आपल्याकडे न सुटलेला प्रश्न आपण आता तिकडे नेलाय. दुसऱ्या टोकाला गोव्यातलं मोरजी बघा: रशियन पाट्या, रशियन उपाहारगृहं, परदेशी लोकांनी परकीय चलनाचा 'फेमा' कायदा डावलून जमिनी घेतल्याच्या चौकशा. तिथला मच्छीमार रेतीवरच्या दोरीपलीकडे बघत जे म्हणतो, ते पा ख्लोकच्या माणसाला भाषांतर न करता कळेल.

यामूपासून जवळच, थलांगच्या हमरस्त्यावर, चौकात दोन बायकांचा पुतळा आहे. हातात तलवारी, केस पुरुषांसारखे कापलेले. चान आणि मुक या बहिणी. १७८५मध्ये ब्रह्मी फौज बेटावर चालून आली तेव्हा यांनी थलांग लढवलं. राजानं त्यांना थाव थेप कसत्री आणि थाव सी सुन्थोन हे किताब दिले. फौज येते आहे ही खबर त्यांना आधी कळवली ती एका फिरंग्यानं. फ्रान्सिस लाइट, इंग्रज कप्तान, थलांगमध्ये राहून कथिलाचा, बंदुकांचा, अफूचा व्यापार करणारा. भला माणूस म्हणावा असा तो नव्हता. हे बेट इंग्रजांनी घ्यावं म्हणून त्याची खटपट चालली होती. ते जमलं नाही तेव्हा १७८६मध्ये त्यानं पिनांग वसवलं. पण स्थानिक बोली त्याला येत होती, त्याचं घर-संसार तिथल्याच बाईबरोबर होता, आणि स्यामच्या राजानं त्याला दरबारी उतरंडीत एक जागा दिली होती: फया राचकपितान. राजाचा कपितान.

त्याला आलेली थाई पत्रं लंडनला सोआस विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. त्यात थोरल्या बहिणीची, चानचीही आहेत. ब्रह्मी सैन्य परत गेल्यावर बेटावर खायला उरलं नव्हतं. ती त्याला पूर्ण किताबानं संबोधते, आपण कथिल काढायला निघाल्याचं कळवते, आणि तांदळाचं विचारते.